पिक्चर आवडला की नाही हे रिव्ह्यूला विचारू नका: स्वतःच्या आवडीवर विसंबायची पद्धत, पायरी पायरीने

"आपल्याला आवडलं ना, मग झालं" असं सगळेच म्हणतात आणि तरी बाहेर पडल्या पडल्या फोनवर स्कोअर बघतात. चुकतं ते क्रमामुळे. आधी स्टार बघायचे, मग रिव्ह्यू वाचायचा, मग पिक्चर बघायचा, आणि शेवटी जे मत तयार होतं त्यात आपलं किती आणि वाचलेलं किती हे नंतर शोधूनही सापडत नाही. दुसरी एक टोळी असते, समीक्षकांनी झोडपलं की यांना तो आवडलाच पाहिजे! तिथेही निर्णय समीक्षकच घेतायत, यांनी फक्त तो उलटा करून घातलाय.

माझंच सांगते. एका कॉमेडीला मी मैत्रिणीबरोबर अक्षरशः डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले, घरी येऊन रिव्ह्यू वाचला, दोन स्टार, "विनोद शिळे". दुसऱ्या दिवशी तिलाच सांगतेय, "ठीक होता गं, जरा शिळाच होता." ती म्हणाली, "अगं, तू माझा खांदा बडवून बडवून लाल केलास की काल!" मला उत्तर सुचलं नाही. खालची पद्धत त्यानंतर हळूहळू बसवत आणलेली आहे.

## सुरू करायच्या आधीची तयारी

तीन गोष्टी लागतात.

एक, लिहायची जागा. वही, फोनमधलं नोट्स अ‍ॅप, काहीही. लेटरबॉक्स्डसारखं, बघितलेले पिक्चर नोंदवायचं अ‍ॅपही चालतं, त्यात डायरीची सोय चांगली आहे, पण तिथे पिक्चरचं पान उघडलं की इतरांचं सरासरी रेटिंग आणि त्यांचे विनोदी शेरे समोरच येतात, म्हणून पहिली नोंद तरी तिथे करू नका. आधी स्वतःच्या जागी लिहा, मग तिथे चढवा.

दुसरी, कान झाकून घेतलेली शांतता, म्हणजे बघायच्या आधीचे दोन-चार दिवस. ज्या पिक्चरची वाट बघताय त्याचं नाव सोशल मीडियावर म्यूट करा. ग्रुपवर सांगून ठेवा की अजून बघितला नाहीये, लोक ऐकतात, निदान निम्मे तरी.

तिसरी म्हणजे जुन्या पिक्चरांची यादी, तिलाच पहिली पायरी धरू.

ती शांतता का लागते: २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. एका बातम्यांच्या साइटवर काही कमेंटना टाकताक्षणीच संशोधकांनी स्वतःच एक अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, देऊन टाकलं, बाकी काही नाही. त्या कमेंटचं शेवटचं सरासरी रेटिंग साधारण २५ टक्क्यांनी वर गेलं. एका अनोळखी माणसाच्या एका मताने एवढं होत असेल तर मोठ्या अक्षरातला स्कोअर बघून थिएटरात बसल्यावर काय होत असेल बघा.

## पायरी १: वीस पिक्चरांची खरी यादी

वीस नावं लिहायची. निकष एकच, गेल्या काही वर्षांत तुम्ही तो स्वतःहून परत बघितलाय, किंवा आत्ता कोणी लावला तर उठून जाणार नाही. "महान" हा शब्द या यादीत चालत नाही.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. यादी करताना डोक्यात कोणीतरी वाचणारं बसलेलं असतं, मग दोन-तीन जागतिक क्लासिक, एखादा जपानी, एखादा इराणी असं सगळं व्यवस्थित येतं आणि जो पिक्चर तुम्ही ताप आला की लावता तो राहून जातो. ही यादी कोणाला दाखवायची नाहीये.

चेक: यादीत निदान तीन नावं अशी हवीत की जी चारचौघांत सांगायला थोडी लाज वाटेल. नसतील तर यादी परत करा.

आता प्रत्येक नावापुढे एक ओळ, तुम्ही कशासाठी परत जाता. "गोष्ट छान" असलं नको. एखादा सीन, एखाद्याचं बोलणं, घरातला उजेड, दोन भावांमधली धुसफूस, भांडणानंतरची शांतता, जे असेल ते. वीस ओळी झाल्या की सलग वाचा, दोन-तीन गोष्टी परत परत येताना दिसतील. माझ्या यादीत मला वाटत होतं रहस्यकथा भरतील, निघालं काय, तर माणसं आपापलं काम नीट करताना दाखवलेली पिक्चरं. सुतार, परिचारिका, चोर, कोणीही, पण काम करताना. हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

## पायरी २: रिव्ह्यू न वाचता पिक्चर निवडायचा कसा

आंधळेपणाने निवडा असं म्हणत नाहीये. बघण्यासारखी माहिती भरपूर असते, तिच्यात कोणाचं मत मिसळलेलं नसलं म्हणजे झालं.

लेखक आणि दिग्दर्शकाचं नाव बघा, विशेषतः लेखकाचं, कारण ते कोणी बघतच नाही आणि तुमच्या यादीतली चार-पाच पिक्चरं एकाच लेखकाची निघू शकतात. लांबी बघा. संकलक, सिनेमॅटोग्राफर माहीत असतील तर उत्तमच. हिंसा, लैंगिक अत्याचार, प्राण्यांचे हाल असल्या गोष्टी तुम्हाला सोसत नसतील तर त्याबद्दलच्या सूचना आधी जरूर वाचा. ट्रेलर एकच बघा, दोन नको, दुसऱ्या ट्रेलरमध्ये बऱ्याचदा शेवटाकडचे सीन असतात.

घरी बघत असाल तर याहून सोपा उपाय आहे. पहिली पंधरा मिनिटं लावून बघा. कॅमेरा कसा चालतो, लोक एकमेकांशी कसे बोलतात, पार्श्वसंगीत किती लुडबुड करतं, एवढं पंधरा मिनिटांत कळतं आणि कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खरं कळतं.

सावधान: "स्कोअर फक्त बघतो, वाचत नाही" हा स्वतःला फसवायचा प्रकार आहे. आकडा बघणं हे वाचण्यापेक्षा वाईट, रिव्ह्यूत निदान कारणं तरी असतात.

## पायरी ३: बघताना

इथे फार काही करायचं नाही. लिहायचं नाही, विचार करायचा नाही, "याचं रेटिंग किती द्यावं" तर अजिबात नाही. फक्त शरीर काय करतंय ते नंतर आठवता यावं एवढं भान असू द्या. कितव्यांदा घड्याळ बघितलं, फोनकडे हात कधी गेला, कुठे पुढे सरकून बसलात, कुठे श्वास धरला. तुम्ही हसलात की नाही याबद्दल दुसऱ्या कोणाचं मत असूच शकत नाही.

एक अट आहे. झोप अनावर झालेली, भांडून आलेलो, डोकं दुखतंय, अशा दिवशी बघितलेल्या पिक्चरच्या नोंदीपुढे तसं लिहून ठेवा. त्या दिवशीचं मत कच्चं.

## पायरी ४: पहिली दहा मिनिटं

सगळ्या पद्धतीचा जीव या दहा मिनिटांत आहे आणि लोक नेमकी हीच घालवतात. पिक्चर संपला, दिवे लागले, बाजूचा म्हणतो "काय मग, कसा वाटला?" आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देता.

तसं नको. बाथरूमच्या रांगेत, बसमध्ये, जिथे असाल तिथे चार गोष्टी लिहायच्या, याच क्रमाने:

१. दहापैकी एक आकडा, तीन सेकंदांत, विचार न करता.
२. डोळे मिटल्यावर पहिला दिसणारा सीन.
३. कंटाळा आला ती जागा.
४. परत बघाल का, हो किंवा नाही.

माझी एक नोंद जशीच्या तशी देते: "८. म्हातारा बूट काढतो आणि आत एकच मोजा निघतो, दुसरा शोधत बसतो तो सीन. लग्नाच्या प्रसंगात दोनदा घड्याळ बघितलं. परत बघीन." संपलं. यात अभिनय दमदार, पटकथा सैल वगैरे काही नाही, आणि ते मुद्दाम नाहीये.

कारणं आत्ता लिहायची नाहीत. विचित्र वाटेल, पण यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक पोस्टर निवडून घरी न्यायला सांगितलं, त्यातल्या काहींना निवडायच्या आधी आपल्या आवडी-नावडीची कारणं लिहायला लावली. ज्यांनी कारणं लिहिली त्यांनी वेगळ्या प्रकारची पोस्टरं उचलली, आणि काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा आपल्या पोस्टरवर तेच जास्त नाखूश होते. होतं असं की जे शब्दांत पटकन मांडता येतं त्यालाच आपण कारण समजतो. पिक्चरच्या बाबतीत पटकन मांडता येतं ते म्हणजे कथानकातली भोकं, "लॉजिक नाही", "लांबला". आणि जे खरं धरून ठेवतं, एखाद्याच्या आवाजाचा पोत, दोन सीनमधली उसंत, ते शब्दांत लगेच येत नाही. मग "मला आवडला" वरून "तसा बरा होता" वर घसरायला पाच मिनिटं लागतात.

चेक: सोबत कोणी असेल तर त्यालाही सांगा, दहा मिनिटं गप्प. दोघांनी आकडे लिहा, मग एकमेकांना दाखवा. भांडण छान होतं.

## पायरी ५: एक रात्र जाऊ द्या, मग कारणं

दुसऱ्या दिवशी नोंद उघडा आणि आता लिहा, का. पहिल्या पायरीतल्या वीस ओळी शेजारी ठेवा, त्यातलं काही इथे आलंय का? आकडा बदलावासा वाटला तर जुना खोडू नका, शेजारी नवा लिहा, तारीख घाला. दोन आकड्यांमधलं अंतर हीच माहिती आहे. रात्री ८ आणि सकाळी ५ वर येणारी पिक्चरं सहसा शेवटच्या वीस मिनिटांत जोर लावणारी असतात, असा माझा अनुभव. उलट रात्री ६ आणि आठवड्याने ८ झालेली, ती जपून ठेवण्यासारखी.

## पायरी ६: आता रिव्ह्यू वाचा, पण पेन्सिल घेऊन

हो, वाचायचे. समीक्षकांवर माझा राग नाहीये, चांगला समीक्षक आपल्याला न दिसलेलं दाखवतो. फक्त वाचताना वाक्यांची वर्गवारी करायची. माहिती कुठली, कसबाबद्दलचं निरीक्षण कुठलं, आणि त्याची स्वतःची आवड कुठली.

मोज्याच्या पिक्चरचंच बघा. एका रिव्ह्यूत या अर्थाचं होतं की पहिली चाळीस मिनिटं घरातली कामं सोडून काही घडतच नाही, त्यामुळे पिक्चर अत्यंत संथ होतो. "चाळीस मिनिटं घरातली कामं" ही माहिती, आणि बरोबर माहिती. "संथ" ही त्याची आवड. मला माणसं कामं करताना बघायला आवडतात हे वहीत आधीच लिहिलेलं होतं, म्हणजे ज्या वाक्याने त्याने पिक्चर पाडला तेच वाक्य माझ्यासाठी शिफारस होतं. यादी केलेली नसती तर मी "संथ" तेवढं उचललं असतं.

आणखी एक लक्षात ठेवा, समीक्षक ज्या परिस्थितीत बघतो ती तुमची नसते. तो आठवड्याला चार-पाच बघतो, महोत्सवात एका दिवसात तेवढे बघतो, आणि बऱ्याचदा रात्रीतून लिहून द्यायचं असतं. त्यामुळे नेहमीच्याच वळणाची गोष्ट त्याला तुमच्या आधी शिळी होते आणि जरा काही वेगळं दिसलं की त्याची कळी खुलते. तुम्ही महिन्यातून दोन बघत असाल तर "हे आधी पाहिलंय" ही तक्रार तुमची नाहीच मुळी.

आकड्यांबद्दल. रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटवरचं टक्केवारीचं मीटर म्हणजे किती टक्के समीक्षकांचा रिव्ह्यू अनुकूल होता, एवढंच. ६० किंवा जास्त असलं की लाल टोमॅटो, कमी असलं की हिरवा डाग. किती आवडला हे त्यात नसतं. करून बघा. पहिल्या पिक्चरला दहापैकी नऊ समीक्षकांनी पाचपैकी ३ स्टार दिले आणि ते अनुकूल धरले, एकाने २ दिले: मीटर ९० टक्के, सरासरी २.९. दुसऱ्या पिक्चरला सहा जणांनी ५ दिले आणि चौघांनी १: मीटर ६० टक्के, सरासरी ३.४. म्हणजे ९० वाला जवळजवळ कोणालाच खटकला नाही आणि ६० वाल्याने सहा जणांना वेड लावलं. मला विचाराल तर दुसरा आधी लावा. मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी साइट सरासरी काढते, पण काही समीक्षकांना जास्त वजन देऊन, आणि कोणाला किती वजन ते सांगत नाही.

प्रेक्षकांचा स्कोअर म्हणजे आपला स्कोअर, हा अजून एक गैरसमज. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची कंपनी पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड घेते, आता पहिल्याच रात्री तिकीट काढून गेलेला माणूस आधीच अर्धा राजी असतो. आणि रॉटन टोमॅटोजवर २०१९ च्या सुरुवातीपर्यंत तर पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच प्रेक्षकांना कमेंट टाकता येत होत्या. बघितलेलाच नाही आणि मत तयार! समीक्षकाच्या मताऐवजी गर्दीचं मत घेतलं तर आपण होतो तिथेच आहोत.

## पायरी ७: आपला समीक्षक शोधा, आणि आपला विरुद्धही

दहा-पंधरा नोंदी झाल्या की तीन-चार समीक्षक निवडा, त्याच पिक्चरांवर त्यांनी काय लिहिलंय ते काढा. समोरासमोर रकाने करा. बघायचं एवढंच की ते तुमच्याशी *कशात* जुळतात. एकजण विनोदाच्या बाबतीत हमखास जुळतो पण भयपटात अजिबात नाही, असं निघतं. मग विनोदासाठी त्याला विचारा, बाकी सोडा.

सगळ्यात उपयोगी निघतो तो कायम उलटा बोलणारा. माझा एक आहे, त्याला जे "अतिभावुक" वाटतं ते मी डोळे मिटून लावते, सहसा फसत नाही. मात्र तो सातत्याने उलटा हवा. कधी जुळतो कधी नाही, असल्या माणसाचा काही उपयोग नाही, त्याच्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं.

सावधान: दोन-तीन पिक्चरांवरून ठरवू नका. जुळणं योगायोगानेही होतं.

## पायरी ८: लोकांसमोर बोलताना

वहीत ८ आणि तोंडाने "ठीक होता", हे झालं की सगळं फुकट. सुरुवातीला एक साधा नियम पाळा, मत मागितलं की आधी वहीतला सीन सांगायचा. "मला तो मोज्याचा सीन फार आवडला." यावर कोणी काय वाद घालणार? "उत्कृष्ट कलाकृती आहे" म्हणालात की मात्र समोरचा पुरावे मागतो, आणि मागितलेच पाहिजेत, कारण आता तुम्ही आवडीबद्दल बोलत नाही आहात, दर्जाबद्दल बोलताय.

हे दोन वेगळे ठेवता आले की निम्मी भांडणं मिटतात. आवडला पण चांगला नाही, चांगला आहे पण आवडला नाही, दोन्ही म्हणता येतं. मला स्वतःला एका फार नावाजलेल्या दिग्दर्शकाची पिक्चरं बघताना दर वेळी त्याचं कसब दिसतं आणि दर वेळी मी घड्याळ बघते. त्यात लपवायचं काय?

माफी मागत बोलू नका. "मला कळत नसेल पण" ही सुरुवात कायमची बंद करा. तसंच "समीक्षकांना काय कळतं" हीसुद्धा.

## पायरी ९: मत बदलायचं कधी

मत बदललं तर त्यात हार नाही, बदललं कशामुळे ते बघायचं. परत बघून बदललं, तर पक्कं. रिव्ह्यू वाचून बदललं, तर आधी परत बघा मग आकडा बदला. वहीत अशा पिक्चरांपुढे खूण करून ठेवा आणि वर्षभराने लावा.

समीक्षकांचंही असंच चालतं. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' १९५८ मध्ये आला तेव्हा रिव्ह्यू संमिश्र होते. 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम पिक्चरांची यादी मागवतं, त्यात १९६२ आणि १९७२ मध्ये तो पहिल्या दहात नव्हता, १९८२ मध्ये आला, २०१२ मध्ये थेट पहिला, २०२२ मध्ये दुसरा. १९५८ ते २०१२ या चोपन्न वर्षांत पिक्चर तोच राहिला होता.

एका ठिकाणी मात्र स्वतःच्या पहिल्या मताला जरा थांबवा. पूर्णपणे अनोळखी प्रकार असेल, पहिलाच मूकपट, पहिलीच चार तासांची डॉक्युमेंटरी, तर "कंटाळा आला" हे मत पिक्चरबद्दल आहे की सवय नसण्याबद्दल, हे एका पिक्चरवरून कळत नाही. त्या प्रकारातले तीन बघा. तिन्हीला घड्याळ बघितलंत तर तो प्रकार तुमचा नाही, सोडून द्या.

## नोंदी करताना होणाऱ्या बारीकसारीक चुका

प्रत्येक पिक्चरला ७ देणे. हा आकडा घाबरटांचा आहे, महिनाभर ७ वापरायचाच नाही असं ठरवा, ६ किंवा ८. फार फरक पडतो.

अर्धवट सोडलेल्या पिक्चरांची नोंद न करणे. कितव्या मिनिटाला सोडलं ते लिहा, आवड तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

आठवड्याने नोंद करणे. तोपर्यंत तुम्ही दोन रील बघितलेल्या असतात आणि ऑफिसातल्या कोणाचं तरी मत ऐकलेलं असतं. राहून गेलं असेल तर "उशिरा" असं लिहून मगच आकडा टाका.

त्या कॉमेडीची माझ्याकडे नोंदच नव्हती, तेव्हा वही नव्हती. मागच्या वर्षी परत लावला, एकटीने, रिव्ह्यू पूर्ण विसरून. विनोद शिळे आहेत, खरंच आहेत. ८.